कुंझुमच्या देवीची ओटी

ठाणे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे. ती मीटरमध्ये आहे आणि एक आकडी आहे. माझी आई लग्न होऊन नौपाड्यात आली ती साधारण याच उंचीवर, आणि पुढची पन्नास वर्षं तिथेच राहिली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे त्यात नऊ मीटर मिळवायचे. तिचं माहेर खडवलीजवळचं, भातसा नदीच्या काठचं. तेही फार उंचावर नाही. अशा बाईने चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुंझुमच्या खिंडीतल्या देवीची ओटी भरायला निघावं, याला कारण मी आहे.

साथीच्या दुसऱ्या वर्षी मी अकरा दिवस रुग्णालयात होतो. दाखल केलं त्या दिवशी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने ८४ दाखवले. भेटायची कुणालाच परवानगी नव्हती. माझी बायको रोज संध्याकाळी रुग्णालयात फोन करायची आणि त्या दिवशीचा आकडा आईला सांगायची. आई सातवीपर्यंत शिकलेली आहे, पण त्या अकरा दिवसांत नव्वदच्या वर म्हणजे काय आणि खाली म्हणजे काय, हे तिला चांगलं समजायला लागलं.

त्याच सुमारास कुणीतरी तिच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. हिमाचलमधली एक खिंड, चहूबाजूंनी बर्फाची शिखरं, रंगीत पताका लावलेलं छोटंसं देऊळ. तिथून जाणारी प्रत्येक गाडी, ट्रकसुद्धा, देवळाला एक प्रदक्षिणा घालते आणि मगच पुढे जाते. खाली लिहिलं होतं की इथे हवा विरळ आहे, श्वास पुरत नाही, पण देवी सांभाळते. आईने तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि तिथल्या तिथे नवस बोलली. मुलगा घरी आला तर मी स्वतः येऊन तुझी ओटी भरीन, आणि तोवर चहात साखर घेणार नाही.

मी घरी आलो. त्या दिवसापासून ती बिनसाखरेचा चहा पीत होती. साखर तिला मनापासून आवडते. बशीत ओतलेला पहिला घोट घेतला की तिचं तोंड किंचित वाकडं व्हायचं, आणि ते तीन वर्षं रोज दोनदा मला बघावं लागलं.

"मुंब्र्याची देवी आपल्यापासून दोन स्टेशनांवर आहे," मी एकदा तिला म्हणालो. "तिला बोलायचं ना."

"तिथे हवाच कमी," आई म्हणाली. "श्वासाचं त्या देवीला जास्त कळत असणार."

या युक्तिवादात मला चूक सापडली नाही.

दुसरी हरकत डोंबिवलीच्या मावशीने घेतली. माझे वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मावशीचं म्हणणं, आईने सोबत जावं, पण ओटी सुनेने भरावी, तेच रीतीला धरून होईल. आईने फोन कानाला लावूनच भाजी चिरणं चालू ठेवलं. "नवस मी बोलले," ती म्हणाली. "देवीला माझा आवाज ओळखीचा आहे. मधेच दुसरीला कशाला पुढे करू?" सुनेला तिच्या शाळेतून रजा मिळणार नव्हतीच, त्यामुळे तो प्रश्न मिटला. निघायचं आम्ही दोघांनी.

कुंझुम ही लाहौल आणि स्पिती या दोन खोऱ्यांमधली खिंड. उन्हाळ्यात बर्फ काढलं की उघडते आणि थंडी पडली की बंद होते. तिची उंची साडेचार हजार मीटरच्या वर आहे. नेमकी किती, ते सांगणं अवघड आहे, कारण मला तीन ठिकाणी तीन आकडे मिळाले. मी त्यातला सर्वांत मोठा धरून नियोजन केलं.

निघण्याआधी आईला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, रक्तदाब पाहिला, कार्डिओग्राम काढला आणि सांगितलं की सावकाश चढत गेलात तर हरकत नाही. स्पितीच्या बाजूने जा, प्रत्येक ठिकाणी मुक्काम करा. डोकं दुखतंय का, जेवण जातंय का, झोप लागतेय का, चालताना तोल जातोय का, ते बघा.

"ऑक्सिमीटर नेऊ ना?" मी विचारलं.

"न्या. पण आधी माणसाकडे बघा, आकड्याकडे नंतर."

"किती आकड्याला परत फिरायचं?"

"तसं एका आकड्यावर ठरत नाही हो."

"पण एखादी मर्यादा."

बाहेर सात पेशंट बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, "पंचाहत्तरच्या खाली गेला तर उतरा खाली."

मी तेवढं लिहून घेतलं.

घरी येऊन एका पानाची नियमावली केली. पाणी किती प्यायचं, जिने कसे चढायचे, कापराची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही पण हुंगायला हरकत नाही, वगैरे. सातवा नियम असा होता: रोज सकाळी सव्वासहाला, आंघोळीनंतर आणि चहाआधी, दोघांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची नोंद घेतली जाईल, आकडा ७५ च्या खाली आल्यास त्याच दिवशी खाली उतरण्यात येईल व त्यावर चर्चा होणार नाही. वेळ रोज तीच ठेवण्याचा आग्रह माझा. माझ्या रक्तदाबाची नोंदही मी सात वर्षं अशीच ठेवतो. परिस्थिती सारखी नसेल तर आकड्यांची तुलना करता येत नाही. मी आईची सही घेतली. सही करताना ती म्हणाली, "तुझ्या बापाने लग्नात एवढ्या अटी घातल्या नव्हत्या."

ओटीचं सामान तिने आधीच बांधून ठेवलं होतं. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या आणि एक नारळ. नारळ तिकडे मिळत नाही असं मी तिला सांगितलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं. विमानतळावर ती पिशवी मोठ्या बॅगेत टाकायला तिचा विरोध होता, पण नारळ हातातल्या सामानात नेता येत नाही. चंदीगडला बॅग हाती येईपर्यंत ती फिरत्या पट्ट्याजवळ उभी होती.

सिमल्यापासून गाडी आणि ड्रायव्हर ठरवला होता. ड्रायव्हर किन्नौरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. पहिल्या सकाळी मी नोंदवही काढली तेव्हा त्याने आरशातून पाहिलं आणि गाडी सुरू केली.

तक्ता असा होता. नौपाडा: आई ९७, मी ९७. सिमला: आई ९४, मी ९५. कल्पा: आई ९०, मी ९२. ताबो: आई ८४, मी ९०. काझाची पहिली सकाळ: आई ७९, मी ८८. काझाची दुसरी सकाळ: आई ७८, मी ८९. उंची दोघांची सारखीच वाढत होती, पण तिचा आकडा माझ्यापेक्षा भराभर उतरत होता. मी आलेख काढला. आलेख कुंझुमला ७० च्या आसपास जाऊन पोचत होता.

आई मात्र रोज दोन्ही वेळा जेवत होती. ताबोला तिने मला उठवून सांगितलं की मी घोरतोय. काझाच्या बाजारात ती माझ्या पुढे चालत होती आणि मला थांबून तिला हाक मारावी लागत होती, कारण मला धाप लागत होती. या गोष्टींसाठी तक्त्यात रकाना नव्हता. शेवटी 'शेरा' असा एक रकाना होता, तो मी रिकामा सोडला होता.

काझाहून आम्ही लोसरला आलो. खिंडीच्या अलीकडचं हे शेवटचं गाव. पांढरी धाब्याची घरं, गच्चीच्या कडेला रचलेलं सरपण, आणि गावाभोवती मटारची शेतं. त्यापलीकडे सगळं मातकट आणि उघडं, आणि डोक्यावर शिखरं. आम्ही एका घरात उतरलो. घर चालवणारी बाई साठीची असावी. एका मोठ्या खोलीत मधोमध पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छपरातून वर गेलेलं, आणि भिंतीलगत बसायला गाद्या. आईला मोडकं हिंदी येतं आणि त्या बाईलाही मोडकं हिंदी येत होतं, पण दोघींचं मोडलेलं ठिकाण वेगवेगळं होतं. तासाभरात दोघी शेगडीजवळ बसून मटार सोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला आईचा आकडा ७४ आला. माझा ८७.

मी ऑक्सिमीटरचा चिमटा काढून पुन्हा लावला. ७४. एक मिनिट थांबून पुन्हा लावला. ७३, मग ७४.

"किती?" आईने विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

"माझं वयच दाखवतंय ते."

"आई, नियम सात."

"एकच तर कमी आहे."

"एक कमी म्हणजे कमी."

"डोकं दुखत नाही माझं. काल तीन पोळ्या खाल्ल्या. तुला एक संपली नाही."

"चर्चा करायची नाही असं त्यात लिहिलंय."

तिने ओटीची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "वर कितीसं राहिलंय?"

"एकोणीस किलोमीटर."

"भाजीवालीच्या काट्याकडे बघतोस ना, तसा बघतोस तू माझ्याकडे," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून आत गेली.

मी ड्रायव्हरला जाऊन सांगितलं की खिंड रद्द, आल्या वाटेने परत काझा. तो गाडीची काच पुसत होता. "साहब, आंटी ठीक हैं," तो म्हणाला. "आप ठीक नहीं लग रहे." मी त्याला आकडा सांगितला. त्याने विचार केला आणि म्हणाला की मागचं एक चाक बदलायचं आहे, अकरा वाजतील. खाली उतरण्याला उशीर झाला तो या चाकामुळे, नियमात तशी सवलत नव्हती.

मी गावातून एक चक्कर मारून आलो. नऊचा सुमार असेल. आत आलो तेव्हा ती बाई गादीवर अवघडून बसली होती आणि आई तिच्यासमोर गुडघ्यांवर होती. बाईच्या ओंजळीखाली तिच्याच पट्टूचं, म्हणजे अंगावरच्या लोकरी शालीचं, टोक पसरलेलं होतं, आणि त्यात खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या, वर नारळ. आईने ओंजळीने तांदूळ पाच वेळा घातले, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि नमस्कार केला. बाईला काय चाललंय ते कळलं नसावं, पण तिने जे केलं ते बरोबर केलं. नारळ दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि मान लववली. मागच्या भिंतीवर एका पुरुषाचा फोटो होता. त्याला पांढरा रेशमी पट्टा घातलेला होता, आपण हार घालतो तसा.

मी दारातच थांबलो. देवीपर्यंत जाता येत नाही म्हटल्यावर आईने ओटी इथेच भरून टाकली होती. तीन वर्षांच्या नवसाचा हा शेवट माझ्या एका आकड्याने झाला होता. तरीही नियम बरोबर होता, असं मी मनाला सांगत होतो.

उठताना आईने बाईच्या खांद्याचा आधार घेतला. बाईने तिचे हात हातात धरले आणि लगेच "ठंडा, ठंडा" असं म्हणत तिला शेगडीपाशी ओढून नेलं. दोन्ही तळवे शेगडीच्या जवळ धरायला लावले, मग चोळले, पुन्हा धरायला लावले. हे बराच वेळ चाललं. मग तिने चहा दिला. मी ते पाहत होतो, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

अकराला निघायच्या आधी, वहीत शेवटची नोंद असावी म्हणून मी आईच्या बोटाला चिमटा लावला. ८७.

मला वाटलं यंत्र बिघडलं. बॅटऱ्या बदलल्या. ८७. माझ्या बोटाला लावला, ८८. ड्रायव्हरच्या बोटाला लावला, ९१, तो म्हणाला, "मेरा क्यों?" पुन्हा आईच्या बोटाला, ८६.

तेव्हा मला नियम सात आठवला. आंघोळीनंतर, चहाआधी.

आई रोज पहाटे ओटीच्या पिशवीला हात लावून नमस्कार करायची आणि त्याआधी आंघोळ करायची. काझापासून तिने आंघोळ सोडली होती, पण कोपरापर्यंत हात, पाय आणि तोंड नळाच्या पाण्याने धुवायची. ते पाणी म्हणजे वितळलेलं बर्फ. गरम पाणी देऊ का, असं प्रत्येक घरात विचारत. ती नको म्हणायची, कारण इथे सरपण किती लांबून आणावं लागतं ते तिने पाहिलं होतं. भातसेत अंघोळी करून वाढलेल्या माणसाला थंड पाण्याचं काही वाटत नाही. हात धुतले की ती ओले हात पदराला पुसत थेट माझ्यासमोर येऊन बसायची आणि बोट पुढे करायची. बोट गारठलेलं असलं की त्यात रक्त कमी येतं आणि यंत्राला नीट वाचता येत नाही, हे यंत्राबरोबरच्या घडीच्या कागदावर छापलेलं आहे. कागद माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. नौपाड्यात नळाचं पाणीच कोमट असतं, म्हणून तिथे कधी फरक पडला नाही.

मी स्वतः काझापासून हातसुद्धा धुवत नव्हतो. याचा तक्त्यावर परिणाम होईल असं मला वाटलं नव्हतं.

तरी खात्री करायला हवी होती. मी आईला हात पुन्हा नळाखाली धरायला लावले. ७५. शेगडीवर शेकले, दहा मिनिटांनी ८७. पुन्हा नळ, ७४. पुन्हा शेगडी, ८६. तिसऱ्यांदा नळाकडे नेऊ लागलो तेव्हा तिने हात मागे घेतले.

"आता पुरे. वर जायचंय की खाली, तेवढं सांग."

"वर," मी म्हणालो.

मग मला ओटी आठवली. गावात एकच दुकान होतं. तिथे बिस्किटं, नूडल्स, साबण आणि मेणबत्त्या होत्या. नारळ नव्हता. मी परत येऊन आईला हळू आवाजात सुचवलं की निदान नारळ तरी त्या बाईकडे परत मागता येईल, बदल्यात बिस्किटं देऊ.

आईने माझ्याकडे पाहिलं. "ओटी परत मागतात का रे कुणी?"

"मग देवीला काय?"

"तू गाडीत बस."

खिंडीपर्यंत सव्वा तास लागला. रस्ता असा होता की ड्रायव्हरने दोनदा थांबून आधी चालत जाऊन पाहिलं. वर पोचल्यावर वारा इतका होता की गाडीचं दार उघडायला दोन्ही हात लागले. समोर शिखरांची रांग, त्यांच्या खांद्यांवरून उतरलेल्या हिमनद्या, आणि पुढे पताकांच्या माळांखाली ते देऊळ. व्हिडिओपेक्षा लहान होतं. ड्रायव्हरने न सांगता गाडीने प्रदक्षिणा घातली. मग आम्ही उतरलो. तिथे एक दगड आहे, त्याला नाणं चिकटलं तर मनातलं पुरं होतं म्हणतात. मी दोन रुपयांचं नाणं चार वेळा लावून पाहिलं, चार वेळा पडलं. आईने लावलं नाही.

ती देवळासमोर हात जोडून बराच वेळ उभी होती. हात रिकामे होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"काय म्हणालीस?" ती वळली तेव्हा मी विचारलं.

"सांगितलं, ओटी खाली लोसरला दिलीय, शेवटून दुसरं घर. तिकडे जाणं होईल तेव्हा घे म्हटलं."

"आई, माझ्या चुकीमुळे नवस राहिला."

"कुठे राहिला?"

"देवीची ओटी होती ती."

"आणि कुणाची भरली? मी काही तिला नाव विचारलं नाही. नवरा आहे का तेही विचारलं नाही. तिनेही मला विचारलं नाही." ती पदर कानावरून घट्ट ओढत होती. "फिटला तो तिथेच. नंतर मी साखरेचा चहा प्यायले ना. दोन चमचे घालून घेतली. तुझ्यासमोर बसून प्यायले."

मला आठवत नव्हतं. शेगडी आठवत होती, चहाचा पेला आठवत होता. तिचं तोंड आठवत नव्हतं.

"तू घड्याळाकडे बघत होतास," ती म्हणाली. "मग बोटाकडे."

मी ऑक्सिमीटर काढला. तिने बोट दिलं नाही. "माझं काय मोजतोस. नवस तुझ्या आकड्याचा होता. तुझं मोज."

मी दोन्ही हात काखेत धरून गाडीच्या आडोशाला दहा मिनिटं उभा राहिलो. ड्रायव्हर आणि आई माझ्याकडे बघत होते. मग चिमटा लावला. आकडा थोडा वरखाली झाला आणि स्थिरावला.

"किती?"

"शहाऐंशी."

"तेव्हा चौऱ्याऐंशी होता," आई म्हणाली. "दोन जास्त आहेत. चल आता, मला गारठा लागतोय."

गाडीत बसल्यावर मी वही काढली. कुंझुम, दुपारी सव्वाएक. मी: ८६. आईच्या आकड्याच्या जागी आडवी रेघ मारली. शेऱ्याच्या रकान्यात, पूर्ण प्रवासात पहिल्यांदाच, लिहिलं: साखर सुरू.